हिराबाईंची मुलाखत

सारा जन्म रेडिओत घालवलेल्या एका वृद्ध निवेदकाकडे एक तरुण शिष्या फोनवरून मुलाखत घेण्याची, ती ध्वनिमुद्रित करण्याची विद्या शिकत होती. पहिलीच खरी मुलाखत तिला मिळाली ती कोळीवाड्यातल्या हिराबाई तांडेल यांची. हिराबाईंचा मुलगा वादळात होडीसकट गेला होता. त्या दिवसाबद्दल त्या कधी कुणाशी बोलल्या नव्हत्या. वादळाचा इशारा वेळेवर मिळाला नाही, हे लोकांना कळावं म्हणून तयार झाल्या, तेही एकदाच सांगेन या अटीवर.

मुलाखत झाली. शिष्येने ती मोठ्या हौसेने गुरुजींना ऐकवली. प्रश्न नेटके, आवाज स्वच्छ. तिला वाटत होतं, आता शाबासकी मिळणार. "त्या सकाळी काय झालं?" या मुद्रणातल्या प्रश्नावर पलीकडे शांतता पसरली, आणि लगोलग शिष्येचा आवाज आला, "हॅलो? हॅलो? आवाज येतोय का?"

"येतोय," हिराबाई म्हणाल्या. मग त्यांनी तारीख सांगितली, होडीचं नाव सांगितलं आणि फोन ठेवला.

 गुरुजींनी तिला आतल्या खोलीत धाडलं आणि स्वतः बाहेर बसून तिलाच फोन लावला. म्हणाले, सराव म्हणून आज तुझी मुलाखत घेतो. गाव झालं, शाळा झाली. मग त्यांनी हलकेच विचारलं, आई गेली तेव्हा तू कुठे होतीस? ती परगावी परीक्षेला गेली होती आणि घरच्यांनी तिला कळवलंच नव्हतं. हे तिने आजवर कुणापाशी काढलं नव्हतं. ती डोळे पुसू लागली. शब्द ओठांवर येतो न येतो, तोच गुरुजी कानात ओरडले, "हॅलो? हॅलो? रेंज गेली की काय?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुरू झाले म्हणून काय वाटेल ते करायचं? ती तरातरा बाहेर आली.

"मी रडत होते, गुरुजी. तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं. आता सांगशील मला?"

"तुम्हाला? या जन्मात नाही."

"हिराबाईंनीही तेच ठरवलं असेल." गुरुजींचा स्वर आता कठोर झाला. "त्या समोर बसल्या असत्या, डोळ्यांना पदर लावला असता, तर त्यांच्या तोंडापुढे टाळ्या वाजवल्या असत्यास का? चेहरा दिसत नाही म्हणून माणूस नाहीसा होत नाही. त्या गप्प झाल्या तेव्हा तुला यंत्राची काळजी वाटली, त्या बाईची वाटली नाही. याचा मला संताप आहे."

तिचा राग काही गेला नाही, पण तो आता स्वतःवरच उलटला. तिने कोळीवाड्यात फोन लावला. सुनेने उचलला आणि सांगितलं, आई आता बोलायचं नाही म्हणतात. शिष्येने गळ घातली नाही.

"त्यांना एवढंच सांगा," ती म्हणाली, "त्या दिवशी त्यांचा आवाज येत होता. मीच ऐकला नाही."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. फोनही ठेवला नाही. शिष्या तो कानाशी धरून तशीच बसून राहिली.