भागव्वा आणि अमावास्येचं मौन

“पण जिला ऐकूच येत नाही, तिला पाठ द्यायचा कसा, अप्पाजी?”

विरूपाक्षानं मठाच्या स्वामींना विचारलं. तो मठाच्या शाळेत मुलांना शिकवायचा. आवाज खणखणीत. त्या आवाजाचा त्याला अभिमानही बराच होता.

दारात शिवाक्का उभी होती. तिचा पदर धरून तिची लेक, भागव्वा.

“दोन शाळांनी परत लावलं, स्वामी,” शिवाक्का म्हणाली. “हिचं कान गेल्यात, डोस्कं न्हाई गेलं. शिकायचा हक्क हिलाबी हाय का न्हाई?”

अप्पाजींनी पोरीला जवळ बोलावलं. तिनं त्यांची पांढरी दाढी बघितली आणि स्वतःच्या हनुवटीखाली बोटं हलवली.

अप्पाजींनीही तशीच बोटं हलवली. पोर खुदकन हसली.

“बसू दे,” ते म्हणाले. “बोलणाऱ्याचं तोंड दिसेल, अशी बसव.”

भागव्वा मठातच राहिली. पंधरवडा गेला. अप्पाजी तिच्याकडे तोंड करून सावकाश पाठ सांगत. मुलं तर तिच्या खुणा भराभर शिकली. पोरंच ती, त्यांना नवा खेळ मिळाला. विरूपाक्षानं मात्र फळ्याकडे तोंड करून शिकवणं काही सोडलं नाही.

शेवटी त्यानं परस्पर शिवाक्काला निरोप धाडला. पोरीला घेऊन जा, इथं तिचं काही व्हायचं नाही.

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती.

अमावास्येला त्या मठात मौन असे. बोलायचं नाही, लिहायचंही नाही. एरवी त्या दिवशी सगळे गप्प बसून राहत. या खेपेला मुलांचे हात सकाळपासून चालू होते. अप्पाजींचेही.

पंगतीत काहीतरी झालं आणि सगळे हसले. विरूपाक्षही हसला, जरा उशिरा. कशाला ते त्याला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी पूजेचं ताट घेऊन तो नेहमीप्रमाणे मठातल्या समाधीपाशी बसला. कुणी येईना...

बाहेर येऊन बघतो तर मठ रिकामा. खाली घाटावर दिवे लागलेले. तो धावत पोचला, तोवर पूजा उरकली होती.

सकाळी मौन सुटलं. तो तडक अप्पाजींपुढे आला.

“पूजा घाटावर होती. मला कुणी सांगितलं नाही.”

“सांगितलं की. मीच सांगितलं, पंगतीत.” अप्पाजींनी हात हलवून दाखवले. “सगळ्यांना कळलं.”

“मला नाही कळलं!”

अप्पाजींनी हात खाली घेतले.

“सगळ्यांत बसलो होतो, अप्पाजी. आणि तरी...”

इतका गर्विष्ठ माणूस, पण त्या घडीला त्याची कीवच यावी.

बाहेर अंगणात शिवाक्का लेकीचं गाठोडं बांधत होती. भागव्वा आईपुढे पुन्हा पुन्हा हात हलवून काहीतरी विचारत होती. आई मान वर करत नव्हती.

विरूपाक्ष तिकडे बघत राहिला.

“कालचा दिवस सरता सरेना,” तो हळूच म्हणाला.

अप्पाजींनी भागव्वाच्या हलत्या हातांकडे बघितलं.

“तुझा सरला, बाळा.”