मुहूर्ताचा नारळ

जनावरांनाही सिनेमाचं वेड होतं, त्या काळातली ही गोष्ट. एक कोल्हा गॉगल लावून रानात आला आणि खारीला म्हणाला, "खारूताई, माझ्या सिनेमात दाणे लावा. पावसाळ्याआधी दुप्पट परत!"

खारीने सिनेमाची गोष्ट विचारली.

"ती गुपित असते हो! पण मुहूर्ताचा नारळ तुमच्याच हातून फुटणार."

खार विरघळली. पिल्लांसाठी साठवलेले सगळे दाणे तिने देऊन टाकले. मुहूर्ताला कॅमेऱ्याला हार घालताना तिला दिसलं, की तो नुसता पोकळ भोपळा आहे, आत काचच नाही. पण सगळं रान टाळ्या वाजवत होतं. आता बोललं तर चारचौघांत आपलंच हसं होईल, म्हणून तिने मुकाट्याने नारळ फोडला.

कोल्हा पसार झाला. पावसाळ्यात रिकाम्या ढोलीत तिचं धाकटं पिल्लू भुकेने गेलं.

उघडीप मिळताच इतरांना सावध करायला ती पलीकडच्या रानात धावली. तिथल्या उंदराचं बीळही आधीच रिकामं झालं होतं. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"त्या नारळवाल्या खारूताई तुम्हीच ना? अहो, तुम्ही नारळ फोडलात हे ऐकूनच तर आम्ही दाणे दिले!"