भेगेवरचं कुंपण

टँकरमागे धावून आम्ही बाया थकलो होतो. भूजल खात्याच्या रेहानाबाईंनी ग्रामसभेत उपग्रहाचा फोटो पडद्यावर दाखवला. खडकातली भेग हिरव्या रेघेसारखी दिसत होती. पाणी तिथंच लागणार होतं.

"रेघ अख्खी माझ्या बागेत! म्हणजे बोअर माझी," सरपंच भानुदासराव मिशीत हसले.

मी उठले. "बाई, याच जागेचा जुना फोटो दाखवा."

त्यात रेघ तिथंच होती, पण बाग नव्हती. गावाचं गायरान होतं, जिथं आमची गुरं चरायची.

"म्हातारे, आभाळातलं यंत्र चुकतं!" भानुदासराव गुरकावले.

"मग आजचाही फोटो चुकला, तुझ्या बागेत पाणी नाही. आणि खरा असेल, तर भेग हलली नाही भानुदास, तुझं कुंपण चालत आलंय. बोल, काय कबूल?"

कुंपण आलं तसं मागं गेलं. बोअरची पहिली घागर मीच भरली.