नाक्यावर जन्मलेलं वासरू

वसुबारसेला गाय-वासरू पुजल्याशिवाय अनसूयाकाकू घास घेत नसत. यंदा त्याच सकाळी माहेरून मिळालेली गाभण गाय चंद्री घेऊन त्या टेम्पोनं निघाल्या. वासराचं देवावर सोपवलं होतं.

जिल्ह्याच्या नाक्यावर गुरांची साथ रोखायला प्रत्येक जनावराचा परवाना बघत होते. चंद्रीचा परवाना होता; पण रांग इतकी लांब की ती तिथंच व्याली.

नाक्यावरचे अधिकारी खरमाटेसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "गाय जाईल. वासराला परवाना नाही."

"अहो, आत्ता तर जन्मलंय. आईवाचून जगेल का ते?"

"नियम म्हणजे नियम, बाई. बिनपरवान्याचं जनावर आलं तिथं परत पाठवायचं."

काकूंनी हात जोडले. मग चंद्रीची शेपटी अलगद वर धरली.

"पाठवा, साहेब. वाट हीच. आत तेहतीस कोटी देव आहेत म्हणतात. परत घेता का, एवढं तुम्हीच विचारा."

साहेब नकळत वाकले आणि आतून उत्तर आलं, थेट त्यांच्या बुटांवर.

रांग पोट धरून हसली. साहेबांनी आईच्याच परवान्यावर वासरू चढवलं. काकूंनी तिथंच गाय-वासराला कुंकू लावलं.

त्या वासराला वाट मिळाली, तशी अडलेल्या सगळ्यांना मिळो.