दमलेला यजमान

एकदा एका गावच्या ख्रिस्तमंदिरात एक वृद्ध पाळक होते आणि ते फार दमलेले होते. दृष्टांतातले वृद्ध सहसा दमत नाहीत, ते नुसते शहाणे होत जातात. ह्यांचे गुडघे मात्र तुमच्या-आमच्यासारखे खरे होते, आणि चाळीस वर्षांचे रविवार त्या गुडघ्यांवरून गेले होते.

मंदिरासमोर, रस्त्यापलीकडे, मोठा दवाखाना होता. त्यामुळे दर रविवारी उपासनेला चार-दोन परके चेहरे असायचेच. कुणाचा भाऊ भरती असे, कुणाची आई. ह्या पाहुण्यांच्या स्वागताचे काम पाळकांनी आपल्या तरुण शिष्याकडे सोपवले होते. शिष्य मोठा हौशी. त्याने पाहुण्यांना उभे करून नाव-गाव विचारण्याची पद्धत पाडली. मग टाळ्या आल्या, स्वागतगीत आले, गुलाबाचे फूलही आले. पाहुण्याला फक्त पळून जायची सोय राहिली नाही.

अशी दोन वर्षे गेली. हसून हसून शिष्याचे गाल दुखू लागले. रोगी बरा झाला, किंवा झाला नाही, की पाहुणा आपल्या गावी जाई आणि पुढच्या रविवारी पुन्हा नव्या चेहऱ्यांपुढे तेच हसू काढावे लागे. अखेर एका रविवारी सकाळी तो म्हणाला, "पाळकसाहेब, हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्या. माझ्यातलं सगळं आटलंय. खरं सांगू? हे पाळक होणंच नकोसं वाटायला लागलंय. ज्याला पाहुण्यासमोर हसता येत नाही, त्यानं वेदीजवळ तरी कशाला उभं राहायचं?"

"बघू," पाळक म्हणाले. थकलेली वडीलधारी माणसे असेच म्हणतात.

इतक्यात शिष्याला फाटकाजवळच्या पायरीवर एक बाई बसलेली दिसली. मागच्या रविवारी त्यानेच तिला उभे केले होते. लेक दवाखान्यात आहे, असे तिने सांगितले होते. "कशी आहे आता?" असे त्याने हसून विचारले, तेव्हा तिनेही हसून "बरी हाय" म्हटले होते आणि मंडळीने टाळ्या वाजवल्या होत्या. आज ती आत येत नव्हती. दोनदा उठली, दोनदा पुन्हा बसली. तिला बोलावायला जावे म्हणून शिष्याने चेहऱ्यावर हसू आणून पाहिले. ते काही येईना.

"राहू दे, मी जातो," पाळक म्हणाले.

आता चाळीस वर्षांचे कसब पाहायला मिळणार, असे शिष्याला वाटले. पण पाळकांनी ना हात जोडले, ना विचारपूस केली. ते कसेबसे बाईच्या शेजारी पायरीवर टेकले, बूट काढले आणि सुस्कारा सोडून म्हणाले, "बाई, मी फार दमलोय हो. जरा बसतो इथंच." मग भिंतीला डोके टेकून त्यांनी डोळे मिटले.

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पाहुण्यासमोर यजमानाने डुलकी काढावी, ही कुठली रीत?

बाई बराच वेळ आखडून बसली होती. मग तिनेही चपला काढल्या, पाय लांब केले. आणि कुणी काही विचारले नसताना हळूच म्हणाली, "लेक गेली माझी. गुरुवारी. हितंच माती दिली. आता गावाकडं जायाचं, तर पाय उचलंना. मागल्या रविवारीबी लई वाईट होतं तिचं. पण समदे हसत होते, मग कसं सांगावं?"

आणि ती रडू लागली. पाळकांनी डोळे उघडले, पण तिला गप्प केले नाही. तेही रडले.

काही वेळाने ते बूट हातात घेऊन शिष्याकडे आले. शिष्याने सगळे ऐकले होते. "तुम्ही तिला एक शब्द विचारला नाहीत," तो म्हणाला, "आणि मी..."

"अरे, मी काही युक्ती केली नाही," पाळक म्हणाले. "मला खरोखरच उभं राहवत नव्हतं. पण एवढं कळलंय मला, की यजमान हसला म्हणजे पाहुण्यालाही हसावं लागतं. दवाखान्यातून आलेल्या माणसानं ते हसू आणायचं कुठून? मग तो फाटकाशीच बसतो. तुझं हसू खोटं नव्हतं रे, पण तिला ते जड गेलं. आपला प्रभूसुद्धा चालून चालून दमला, तेव्हा विहिरीवर तसाच टेकला. आधी ताजातवाना होतो आणि मग माणसांना भेटतो, असं त्यानं म्हटलं नाही. तुझ्यातलं सगळं आटलंय म्हणतोस ना? मग आजच जा तिच्याजवळ."

"पण उपासना?"

"ती मी चालवतो. गुडघे दुखतात माझे, तोंड नाही."

शिष्य पायरीपाशी गेला. "बाई, मागच्या रविवारी माझं चुकलं," एवढेच तो म्हणाला.

बाईने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. मग शेजारचे गाठोडे उचलून तिने आपल्या मांडीवर घेतले.

"बसा, सायेब," ती म्हणाली. "तुमीबी लई थकल्यासारखे दिसता."