दहाव्या पानावरचा खुनी

आमच्या गावच्या वाचनालयात कादंबरी परत करताना वहीत चार ओळी मत लिहायची पद्धत आहे. अध्यक्ष दादासाहेब निंबकरांच्या पाचशे पानी रहस्यकथेबद्दल इंदुताई पोंक्ष्यांनी एकच ओळ लिहिली, ‘शेवटापर्यंत कोणी पोचेल असं वाटत नाही.’

दादासाहेब भडकले. भर सभेत गरजले, “पुरावा द्या, नाहीतर सभासदत्व रद्द!”

इंदुताई शांतपणे उठल्या आणि कपाटातल्या सहा रहस्यकथा त्यांनी टेबलावर मांडल्या. प्रत्येकीच्या दहाव्या पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहिलेलं होतं. कुणा आगाऊ वाचकाचा हा जुनाच उद्योग. आजवर एकही रहस्यकथा त्याच्या तावडीतून सुटली नव्हती.

मग ताईंनी दादासाहेबांची कादंबरी उघडली. दोन वर्षं कपाटात असूनही दहाव्या पानावर पेन्सिलीची साधी रेघ नव्हती.

दादासाहेबांची छाती फुगली. “बघा! त्या आगाऊ माणसालासुद्धा माझ्या लेखणीचा मान राखावासा वाटला.”

“मान कसला, दादासाहेब,” ताई म्हणाल्या. “खुनी कोण, हे त्या बिचाऱ्याला अजून कळलेलंच नाही!”

सभा खो खो हसली. तेवढ्यात मागच्या बाकावरून निवृत्त हवालदार शेडगेकाका मान खाली घालून उठले.

“साहेब, गुन्हा कबूल. तुमच्या पुस्तकासाठी तीनदा पेन्सिलीला टोक काढलं, पण साठाव्या पानापुढं जाववलं नाही. आता तुम्हीच सांगून टाका, खून केला कुणी?”