दोन धोंड्यांमधली साखळी

सकाळी साडेनऊ. लोहटेकचा माळ. जमिनीत पक्के रोवलेले दोन धोंडे. मोजणीला आलेली माणसे त्यांच्यामध्ये साखळी ताणतात आणि कड्या मोठ्याने मोजतात. मग देवळाचे भिकोबा गुरव विचारतात, "काल साखळी कोणाकडे होती?" ज्याच्याकडे होती त्याने सर्वांसमक्ष नाव सांगायचे. त्याशिवाय मोजणी नाही.

हे का, ते भिकोबा सांगतात.

पूर्वी इथे शेते दोराने मोजत. दवाने दोर आखडे, उन्हाने सैल पडे. एकच शेत सकाळी मोठे भरे, दुपारी लहान. दोर किती आखडला, हे रंगोजी मोजणीदार बोटांनी चाचपून सांगे आणि गाव ते मान्य करी. त्याच्यावाचून बांध पडत नसे.

मग सटवा लोहाराने शंभर कड्यांची लोखंडी साखळी केली. तिची लांबी पडताळायला हे दोन धोंडे रोवले. त्या दिवशी साळू नावाच्या विधवेने दिराला दुसरे टोक धरायला लावून आपला बांध स्वतः मोजला. बारा साखळ्या, बरोबर. रंगोजीला कोणी बोलावलेही नाही. लोक सटवाच्या भट्टीपुढे जमले.

रंगोजी जळफळला, असे सांगतात. वीस वर्षे ज्या बोटांकडे गाव पाहत होते, त्यांच्याकडे आता कोणी पाहीना. पण वरून तो गोड बोलला. मोजणीची वस्तू मोजणीदाराच्या घरी असावी म्हणाला आणि साखळी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी साळूचा तोच बांध बारा कड्यांनी जास्त भरला. गलका झाला. साखळी धोंड्यांमध्ये ताणली, तर टोक पोचेना.

"काय रे सटवा," रंगोजी म्हणाला, "तुझं लोखंड पण आखडतं का?"

लोक हसले. सटवाने कड्या मोजल्या. नव्व्याण्णव. एका जागी सांधा थंडच ठोकून बसवलेला होता. त्याने वर पाहून एवढेच विचारले, "काल साखळी कोणाकडे होती?"

सगळ्यांना माहीत होते. कोणी बोलले नाही. साळूसुद्धा नाही.

सटवाने घण दोन धोंड्यांच्या मध्ये ठेवला. उत्तर मिळेपर्यंत तो उचलणार नाही, अशी शपथ घेतली आणि गाव सोडले. पुढच्या वर्षी गावाने दुसऱ्या लोहाराकडून तशीच साखळी करून घेतली. मोजणीआधी सटवाचा प्रश्न विचारायचा, असे ठरवले. म्हणे, तेवढ्याने पाप फिटले.

आजही नव्व्याण्णव कड्यांची ती साखळी देवळात टांगलेली आहे. आजही साखळीचे पहिले टोक धरण्याचा मान रंगोजीच्या घराण्याकडे आहे. रोजच्या साखळीबद्दल प्रत्येक जण चोख उत्तर देतो. देवळातल्या साखळीबद्दल अजून एकानेही दिलेले नाही. घण धोंड्यांमध्ये तसाच गंजतो आहे.